परगावी जपलेले शिवशास्त्र

आमच्या मंडळात चातुर्मासात दर शनिवारी सायंकाळी श्रीज्ञानदेवांच्या 'अनुभवामृता'चे सामुदायिक वाचन करण्याचा परिपाठ आहे. दहा-बारा मंडळी जमतात. एकाने ओव्या वाचाव्यात, दुसऱ्याने यथामति अर्थ सांगावा आणि उरलेल्यांनी शंका काढाव्यात, असे या वाचनाचे स्वरूप असते. अशाच एका शनिवारी तिसरे प्रकरण चालू होते. ज्ञान हेदेखील बंधनच होय असे सदाशिवांनी शिवसूत्रात सांगितले आहे, अशा आशयाची ओवी वाचली गेली आणि एका तरुण सभासदाने विचारले, "हे शिवसूत्र म्हणजे कोणते?"

क्षणभर कोणीच बोलेना. मग एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले की, शंकराच्या डमरूतून निघालेली आणि पाणिनींनी व्याकरणाच्या आरंभी घेतलेली चौदा सूत्रे, तीच ही शिवसूत्रे. आम्ही बी. ए. ला संस्कृत घेतले होते हे मंडळात सर्वांना ठाऊक असल्यामुळे सर्वांची दृष्टी आमच्याकडे वळली आणि आम्ही मान डोलावली. वाचन पुढे चालू झाले.

घरी परतताना मात्र आम्ही ती चौदा सूत्रे मनातल्या मनात म्हणून पाहिली आणि आमचे आम्हांलाच ओशाळल्यासारखे झाले. पाणिनींची ती सूत्रे म्हणजे वर्णांची केवळ क्रमवार मांडणी. तीत ज्ञानाचाही उल्लेख नाही आणि बंधनाचाही नाही. त्यांना शिवसूत्रे म्हणतात हे खरे. पण ज्ञानदेवांना अभिप्रेत असलेली शिवसूत्रे ती नव्हेत. पुढल्या शनिवारी आम्ही आमची चूक सर्वांसमक्ष कबूल केली. परंतु खरे शिवसूत्र कोणते, ते कोठे जन्मले, कोणी जपले आणि आज आपल्यापर्यंत कसे पोहोचले, याचा शोध घेता घेता जो इतिहास आमच्यासमोर उलगडला, तो या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. त्या इतिहासात आपल्यासारख्या परप्रांती राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे बरेच काही आहे.

ज्ञानदेवांनी उल्लेखिलेले शिवसूत्र काश्मीरचे. इसवी सनाच्या नवव्या शतकात वसुगुप्त नावाचे सिद्धपुरुष तेथे होऊन गेले. महादेवगिरीवरील एका विशाल शिळेवर ही सूत्रे कोरलेली आहेत असा दृष्टान्त त्यांना झाला, आणि शिळा उलथताच सूत्रे दृष्टीस पडली, अशी कथा टीकाकार क्षेमराज यांनी नोंदविली आहे. कथा कशीही असो, तीन भागांत विभागलेली ही सुमारे पाऊणशे लहान लहान सूत्रे म्हणजे काश्मीरच्या अद्वैत शैव दर्शनाचा उगम होय. चैतन्य हाच आत्मा, असे पहिले सूत्र सांगते. ज्ञान हे बंधन, असे दुसरे सूत्र सांगते.

या दुसऱ्या सूत्रात एक मौज आहे. पहिल्या सूत्राच्या अखेरीस 'आत्मा' हा आकारान्त शब्द आहे. दोन्ही सूत्रे सलग उच्चारली तर त्या आकारात पुढचा एक 'अ' दडला आहे असे संधिनियमाने मानता येते. आणि मग 'ज्ञान हे बंधन' याऐवजी 'अज्ञान हे बंधन' असाही अर्थ निघतो. क्षेमराजांनी दोन्ही अर्थ घेतले आहेत. आपण परिपूर्ण चैतन्य आहोत हे न कळणे, हे अज्ञान. आणि मी अमुक, मी एवढाच, हे माझे, ते परके, असे संकुचित भेदज्ञान, हेही बंधनच. ज्ञानदेवांनी 'ज्ञान' असाच पाठ घेतला आणि त्याच्या जोडीला, सत्त्वगुणही ज्ञानाच्या पाशाने जीवाला बांधतो हे गीतेतील भगवंतांचे म्हणणे ठेवले. एवढे करून ते थांबले नाहीत. हे शिवांनी सांगितले किंवा श्रीवल्लभांनी सांगितले म्हणून आम्ही ते मानतो असे नव्हे, त्यांनी सांगितले नसते तरीही ते तसेच असते, असा त्यांच्या पुढील ओवीचा भाव आहे. प्रमाणग्रंथाचा आदराने उल्लेख करावा आणि निर्णय मात्र स्वानुभवावर सोपवावा, ही वृत्ती पाहून आम्ही थक्क झालो. तेराव्या शतकाच्या अखेरीस गोदातीरी बसलेल्या या तरुण योग्याला काश्मीरचे सूत्र नावानिशी ठाऊक होते, एवढे तरी या ओवीवरून निःसंशय ठरते. ज्ञानदेवांचे अद्वैत शांकर परंपरेचे की शैव परंपरेचे, या विषयी मराठी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद चालत आला आहे. त्यात पडण्याचा आमचा अधिकार नाही.

हे शैव अद्वैत शांकर अद्वैताहून वेगळे ते कशात, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. परमतत्त्व एकच, ही गोष्ट दोघांसही मान्य आहे. परंतु शांकर मतात ब्रह्म निष्क्रिय आहे आणि जगाचा भास मायेमुळे होतो. काश्मीरच्या आचार्यांनी परमशिवास 'प्रकाश' म्हटले आणि त्या प्रकाशास स्वतःची जी जाणीव असते तिला 'विमर्श' असे नाव दिले. दिवा प्रकाशतो, पण आपण प्रकाशतो हे दिव्यास ठाऊक नसते. चैतन्यास ते ठाऊक असते. या जाणिवेतच त्याचे स्वातंत्र्य आहे, तीच शक्ती, आणि तिच्यायोगे ते स्वेच्छेने विश्वरूपाने प्रकट होते. त्यामुळे जग हा भ्रम ठरत नाही, ते शिवाचेच प्रकटीकरण ठरते. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांवर आणखी अकरा तत्त्वे चढवून या दर्शनाने एकंदर ३६ तत्त्वे मानली, ती पृथ्वीपासून थेट शिवापर्यंतची शिडी अखंड राहावी म्हणूनच.

मग साधकाने करावयाचे काय? नवीन काही मिळवावयाचे नाही. जे मुळातच आहे ते ओळखावयाचे. म्हणून या दर्शनाच्या प्रौढ शाखेस 'प्रत्यभिज्ञा' म्हणजे 'पुन्हा ओळखणे' असे नाव पडले. उत्पलदेवांनी आपल्या कारिकांच्या अखेरीस एक दृष्टान्त दिला आहे. एका तरुणीने कोणा पुरुषाचे गुण ऐकून त्याच्यावर मन जडविले. पुढे तो पुरुष तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तरी तिला तो इतर चारचौघांसारखाच वाटला आणि तिच्या मनाला काडीचाही आनंद झाला नाही. 'ज्याच्यासाठी तू झुरतेस तो हाच' असे कोणी तिला दाखवून देताच तिचे हृदय आनंदाने भरून आले. शिव आणि जीव यांचे नाते असे आहे. कोणीतरी बोट दाखवून सांगावे लागते, एवढेच. हा दृष्टान्त वाचकांनी ध्यानात ठेवावा. या शास्त्राच्या ग्रंथांच्या नशिबीही पुढे नेमके हेच आले.

वसुगुप्तांच्या परंपरेत कल्लट झाले. त्यांचा काळ राजा अवन्तिवर्मा याच्या कारकीर्दीचा, म्हणजे नवव्या शतकाचा उत्तरार्ध. पुढे सोमानंदांनी 'शिवदृष्टि' रचली. त्यांचे शिष्य उत्पलदेव यांनी 'ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका' लिहून बौद्ध नैयायिकांशी तर्काच्या भूमीवर सामना केला. उत्पलदेवांचे प्रशिष्य अभिनवगुप्त हे या मालिकेचे मेरुमणी. त्यांच्या तीन रचनांत त्यांनी स्वतःच काळ नोंदविला आहे. त्यावरून 'क्रमस्तोत्र' ९९०-९१ चे, 'भैरवस्तव' ९९२-९३ चे आणि 'ईश्वरप्रत्यभिज्ञाविवृतिविमर्शिनी' हा विस्तृत ग्रंथ १०१४-१५ चा असे निश्चित सांगता येते. आपल्या प्राचीन ग्रंथकारांचा काळ ठरविताना विद्वानांना किती खटपट करावी लागते हे जाणणाऱ्यास या तीन नोंदींचे मोल वेगळे सांगावयास नको. सदतीस आह्निकांचा 'तन्त्रालोक' ही त्यांची सर्वांत भव्य कृती होय. तिच्या आरंभीच्या श्लोकांत त्यांनी मच्छन्द नामक सिद्धास वंदन केले आहे. हे मच्छन्द आणि ज्ञानदेवांच्या गुरुपरंपरेतील मत्स्येन्द्रनाथ एकच, असे अनेक अभ्यासक मानतात.

परंतु आमचे लक्ष विशेषतः वेधले ते 'तन्त्रालोका'च्या अखेरच्या आह्निकातील आत्मवृत्ताने. ज्यांच्यामुळे काश्मीरचे नाव दर्शनांच्या इतिहासात अजरामर झाले त्या अभिनवगुप्तांचे घराणे मूळचे काश्मीरचे नव्हते. गंगा-यमुनांच्या अन्तर्वेदीतील अत्रिगुप्त नावाच्या विद्वानाची कीर्ती ऐकून काश्मीराधिपती ललितादित्य याने आठव्या शतकात त्यास आपल्या देशी नेले आणि वितस्तेच्या काठी घर व वृत्ती देऊन वसविले. सरकारी भाषेत सांगावयाचे तर राजाज्ञेने बदली होऊन आलेले हे घराणे. त्या घराण्यात सुमारे अडीचशे वर्षांनी अभिनवगुप्त जन्मले. स्वतः अभिनवगुप्तही विद्येसाठी एका गुरूवर किंवा एका प्रांतावर विसंबून राहिले नाहीत. कौलशास्त्राचा बोध त्यांना जालंधरपीठाच्या शंभुनाथांकडून झाला आणि त्या गुरूंचे ऋण त्यांनी वारंवार मान्य केले आहे.

जे शास्त्र बाहेरून आलेल्यांच्या हातून वाढले, ते पुढे बाहेर गेलेल्यांच्या हातून टिकले. दक्षिणेतील मदुरेचे मधुराज नावाचे योगी काश्मिरात जाऊन अभिनवगुप्तांचे शिष्य झाले. द्राक्षांच्या वनात शिष्यसमुदायाच्या मध्यभागी बसून वीणा वाजविणाऱ्या अभिनवगुप्तांचे जे शब्दचित्र आज उपलब्ध आहे, ते काश्मिरी लेखणीतून उतरलेले नाही. ते या मदुरेच्या शिष्याने रेखाटलेले आहे.

त्याहूनही विलक्षण गोष्ट चिदंबरमच्या महेश्वरानंदांची. यांचे दुसरे नाव गोरक्ष. परंतु नाथपंथाचे गोरक्षनाथ ते हे नव्हेत. १३०० च्या आगेमागे, म्हणजे साधारण ज्ञानदेवांच्याच काळात, चोळ देशात राहून त्यांनी 'महार्थमञ्जरी' हा काश्मिरी शैव परंपरेचा ग्रंथ रचला. या ग्रंथाच्या मूळ सत्तर गाथा महाराष्ट्री प्राकृतात आहेत आणि त्यांवरील 'परिमल' ही टीका त्यांनी स्वतः संस्कृतात लिहिली आहे. तामिळ देशातील पंडिताने काश्मीरच्या शास्त्रावर महाराष्ट्रीत का लिहावे? त्याचे कारण त्यांनीच सांगितले आहे. एका रात्री पूजेच्या अंती त्यांना एका योगिनीचे दर्शन झाले. त्यांनी तिला द्रव्य देऊ केले. ते झिडकारून तिने हाताने सात या संख्येची मुद्रा दाखविली, आणि ती जे बोलली ते महाराष्ट्र भाषेत. गुरूंनी याचा उलगडा केला, तो असा की देवीस सत्तर गाथांचा ग्रंथ हवा आहे. महाराष्ट्री प्राकृत म्हणजे आपली आजची मराठी नव्हे, ती मराठीच्या पूर्वजांपैकी. हा भेद विसरता कामा नये. तरीही काश्मीरचे शास्त्र, चिदंबरमचा ग्रंथकार आणि महाराष्ट्राच्या नावाची भाषा असा हा त्रिवेणी संगम वाचून आमच्या मनाला जो आनंद झाला तो लपविण्याचे कारण नाही.

बाराव्या-तेराव्या शतकांनंतर काश्मिरात या शास्त्राची नवनिर्मिती हळूहळू मंदावली. जयरथांनी तेराव्या शतकात 'तन्त्रालोका'वर 'विवेक' ही टीका लिहिली, तिच्यावाचून मूळ ग्रंथ आज आपणांस पदोपदी अडला असता. त्यानंतर राज्ये बदलली आणि पंडितांची संख्या रोडावली. काही घराण्यांनी भूर्जपत्रांवर आणि पुढे कागदावर शारदा लिपीत नकला करण्याचे व्रत चालू ठेवले. तरी हानी झालीच. उत्पलदेवांनी स्वतःच्या कारिकांवर एक लहान वृत्ती आणि एक विस्तृत विवृती लिहिली होती. ती विवृती आज समग्र उपलब्ध नाही. तिच्यावर अभिनवगुप्तांनी लिहिलेली टीका मात्र आहे. ज्या ग्रंथाचे विवरण करावयाचे तो ग्रंथ हरवावा आणि विवरण तेवढे उरावे, ही स्थिती मूळ अर्ज गहाळ होऊन नस्तीत केवळ टिप्पण्या शिल्लक राहाव्यात अशी आहे. अलीकडच्या काळात अन्य हस्तलिखितांच्या समासांत जुन्या वाचकांनी उतरवून ठेवलेले या विवृतीचे तुकडे संशोधकांना सापडू लागले आहेत. समासात टाचण करणाऱ्या त्या अज्ञात विद्यार्थ्यांस आपण आचार्यांचे वाक्य वाचवीत आहोत याची कल्पनाही नसेल.

लहान वृत्तीची कथा अशीच. काश्मिरी प्रतींवरून ती १९२१ मध्ये छापली गेली तेव्हा तिचा शेवटचा भाग नव्हता. रानिएरो तोरेल्ला या इटालियन पंडितांनी १९९४ मध्ये तिची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत ती पूर्ण झाली, ती त्रिवेंद्रमच्या मल्याळम लिपीतील एका हस्तलिखिताच्या आधारे. भरताच्या नाट्यशास्त्रावर अभिनवगुप्तांनी लिहिलेली 'अभिनवभारती' ही टीका तर काश्मिरातून पार नाहीशी झाली होती. तिच्या प्रती मिळाल्या त्या केरळात, मल्याळम लिपीत. मानवल्ली रामकृष्ण कवी यांनी त्यांवरून तिचे संपादन केले आणि १९२६ मध्ये तिचा पहिला खंड निघाला तो बडोद्याच्या 'गायकवाड प्राच्य ग्रंथमाले'त. चौथा खंड निघावयास १९६४ साल उजाडले. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, गुजराती मुलखात, एका आंध्र पंडिताने केरळच्या पोथ्यांवरून काश्मीरच्या आचार्यांचा ग्रंथ उजेडात आणला. आपल्या देशाचे ऐक्य ते हेच, असे आम्हांस वाटते.

आता मराठी मुलखाचा या कथेशी आलेला प्रत्यक्ष संबंध पाहू. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३ पासून प्राध्यापक असलेले जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांस मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितांच्या शोधार्थ काश्मीर व राजपुताना येथे पाठविले. १८७५ साली ते काश्मिरात गेले. त्यांनी स्थानिक पंडितांची मदत घेऊन पोथ्या मिळविल्या. काही विकत घेतल्या, काहींच्या नकला करविल्या. त्यांचा सविस्तर अहवाल १८७७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा खास अंक म्हणून प्रसिद्ध झाला आणि या दर्शनाची ग्रंथसंपत्ती जगाच्या नजरेस आली. सरकारी मालकीच्या या पोथ्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ठेवण्यात आल्या. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर तो सारा संग्रह तेथे आला आणि आजही तेथे आहे. शारदा लिपीतील काश्मिरी पोथी पाहावयाची असेल तर ती पुण्यात पाहावयास मिळते, ही गोष्ट आमच्या मंडळातील पुणेकरांनाही ठाऊक नव्हती. सर रामकृष्णपंत भांडारकरांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैष्णव व शैव संप्रदायांवरील आपल्या ग्रंथात काश्मीरच्या शैवमताचा परामर्श घेतला आहे.

पोथी मिळणे आणि ग्रंथ छापून होणे यांत मोठे अंतर आहे. ते काम जम्मू-काश्मीर संस्थानने केले. महाराजा प्रतापसिंह यांच्या कारकीर्दीत संस्थानने संशोधन खाते उघडले आणि १९११ मध्ये 'काश्मीर-संस्कृत-ग्रन्थावली'चा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ म्हणजे क्षेमराजांच्या टीकेसह शिवसूत्रे, ज्यांचा आमच्या शनिवारच्या बैठकीत कोणास पत्ता लागला नव्हता तीच! आरंभी जगदीशचंद्र चटर्जी हे बंगाली विद्वान या कामाचे प्रमुख होते. त्यांनी १९१४ मध्ये या दर्शनाची इंग्रजीतून ओळख करून देणारा ग्रंथही लिहिला. पुढे पंडित मुकुंदराम शास्त्री आणि पंडित मधुसूदन कौल शास्त्री यांनी काम नेटाने चालविले. एकट्या 'तन्त्रालोका'चे बारा खंड १९१८ ते १९३८ अशी वीस वर्षे निघत होते. १९४३ पर्यंत ग्रंथमालेचा क्रमांक साठाच्या पुढे गेला.

या ग्रंथांपैकी कित्येकांची मुखपृष्ठे आम्ही ग्रंथालयात पाहिली. प्रकाशन श्रीनगरचे, पण छपाई मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाची. 'ईश्वरप्रत्यभिज्ञाविमर्शिनी'चे १९१८ व १९२१ चे खंड तेथलेच, आणि १९३८, १९४१ व १९४३ मध्ये निघालेले 'विवृतिविमर्शिनी'चे तीन मोठे खंडही तेथलेच. जावजी दादाजी हे बेताच्या शिक्षणाचे, गरिबीतून वर आलेले मराठी गृहस्थ. छापखान्यात टाइप घासण्याच्या हलक्या कामापासून आरंभ करून त्यांनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल कारागीर त्यांस लाभला आणि त्या वळणदार देवनागरी टाइपाने संस्कृत मुद्रणाचा आदर्श घालून दिला. जावजी १८९२ मध्ये निवर्तले, पण त्यांनी लावलेली शिस्त टिकली. अभिनवगुप्तांची ध्वन्यालोकावरील 'लोचन' टीकाही १८९१ मध्ये याच छापखान्याच्या 'काव्यमाला' ग्रंथमालेत निघाली होती. शारदेतून नागरीत उतरवलेली, संधींनी गुंफलेली ती घनदाट वाक्ये खिळा खिळा जुळवीत बसलेल्या जुळाऱ्यांची नावे कोणत्याही ग्रंथावर नाहीत. त्यांना ३६ तत्त्वे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु त्यांचा एक खिळा चुकला असता तर अर्थ पालटला असता, हे त्यांस नक्कीच ठाऊक होते.

आमचे उभे आयुष्य शासकीय कागदपत्रांत गेले. नोंद ठेवणे, प्रत काढणे, अनुक्रमांक घालणे ही कामे रुक्ष आणि दुय्यम समजली जातात. क्वचित आम्हीही तशी समजलो. संस्थानच्या एका खात्याने तीन-चार दशके चिकाटीने केलेल्या अशाच कामामुळे एक अख्खे दर्शन वाचले, हे वाचून आमचा तो समज कायमचा दूर झाला.

तथापि केवळ छापल्याने शास्त्र जिवंत राहते, असेही नव्हे. शारदा लिपीतील काही अक्षरे, विशेषतः 'म' आणि 'स', परस्परांशी इतकी मिळतीजुळती की नक्कल करताना घोटाळा व्हावा. असे घोटाळे छापील ग्रंथांतही उतरले. शिवाय हे ग्रंथ परंपरेतील परिभाषा गृहीत धरून लिहिलेले. ती परिभाषा सांगणारा नसेल तर पान समोर असूनही ओळख पटत नाही. येथे उत्पलदेवांच्या दृष्टान्तातील तरुणीची आठवण व्हावी. सुदैवाने बोट दाखविणारी माणसे मिळाली. लखनौचे डॉ. कांतिचंद्र पांडेय यांनी अभिनवगुप्तांवरील बृहद्ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. श्रीनगरच्या निशात बागेजवळील ईश्वर या गावी स्वामी लक्ष्मणजू (१९०७-१९९१) यांनी आयुष्यभर हे शास्त्र शिकविले, आणि छापील प्रतींतील कितीतरी अपपाठ पंक्ती लावताना दुरुस्त करून दिले. फ्रान्सच्या लिलियन सिलबर्न, इंग्लंडचे अलेक्सिस सँडरसन आणि आपल्याकडील ठाकुर जयदेवसिंह यांसारखे अभ्यासक त्यांच्यापाशी बसून शिकले. जयदेवसिंहांनी शिवसूत्रांचे इंग्रजी भाषांतर १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. आमच्यासारख्या सामान्य वाचकास या दर्शनात पाऊल टाकता आले ते त्यांच्यामुळे. रानिएरो ञोली यांनी तर १९७२ मध्येच संपूर्ण 'तन्त्रालोक' इटालियन भाषेत नेला होता.

लक्ष्मणजूंच्या अखेरच्या दिवसांतच काश्मीर खोऱ्यावर मोठे संकट कोसळले. १९९० मध्ये काश्मिरी पंडितांच्या बहुसंख्य कुटुंबांना घरदार सोडून बाहेर पडावे लागले. त्यांच्या दुःखाची आपल्या परप्रांतवासाशी तुलना करणे अनुचित होईल. आपण नोकरीधंद्यासाठी आपखुशीने आलो. मनात आले की गाडीत बसून गावी जातो. त्यांस तो मार्ग उरला नाही. तरीसुद्धा लक्ष्मणजूंच्या शिष्यपरिवाराने जम्मू आणि दिल्ली येथे या ग्रंथांचे पठण व प्रकाशन चालू ठेवले. शतकांपूर्वी मदुरेस, चिदंबरमला आणि केरळात जे घडले, तेच पुन्हा निराळ्या आणि अधिक कठोर परिस्थितीत घडत आहे. या वेळी स्वतः काश्मिरीच आपल्या शास्त्राचे दूरचे राखणदार झाले आहेत.

आमच्या मंडळाच्या पन्नास वर्षांकडे आम्ही आता या इतिहासाच्या दृष्टीने पाहतो. मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके बसविली, ग्रंथालय चालविले. मूळ गावापासून दूर राहून भाषा आणि ग्रंथ टिकवता येतात, याचा पुरावा वर दिलाच आहे. पण त्यासाठी कोणी नक्कल करावी लागते, कोणी समासात टाचण लिहावे लागते, कोणी खिळे जुळवावे लागतात, आणि कोणी न लाजता विचारावे लागते. पोथी कपाटात असली म्हणजे ती आपल्याजवळ आहे, या समजुतीवर आम्ही अनेक वर्षे निश्चिंत होतो. 'अनुभवामृता'ची प्रत आमच्या ग्रंथालयात प्रारंभापासून आहे. त्या ओवीवरून आम्ही स्वतः किती वेळा पुढे गेलो असू, देव जाणे. थांबला तो एक तरुण सभासद, आणि त्याला आम्ही मान डोलावून चुकीचे उत्तर दिले. ज्ञान हे बंधन कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

त्यानंतर आम्ही मंडळाच्या ग्रंथालयासाठी शिवसूत्रांची एक सटीक प्रत मागविली. ती आता 'अनुभवामृता'शेजारीच ठेवलेली असते. पुढील चातुर्मासात तिसरे प्रकरण येईल तेव्हा दोन्ही ग्रंथ एकत्र उघडावयाचे, असे ठरले आहे. त्या दिवशी अर्थ सांगण्याचे काम त्याच तरुण सभासदाने पत्करले असून आम्ही श्रोत्यांत बसणार आहोत.